शकुंतला पुन्हा धावेल का? मूर्तिजापूर–अचलपूर–यवतमाळ लोहमार्गाच्या पुनरुज्जीवनाचा हिशोब

दर्यापूर भागातील एका वाचकांनी विचारले आहे : "मूर्तिजापूर–अचलपूर आणि मूर्तिजापूर–यवतमाळ हे नॅरोगेज मार्ग बंद पडून काही वर्षे झाली, रुळांमध्ये बाभळी वाढल्या. शकुंतला पुन्हा सुरू होण्याची खरी शक्यता किती, आणि आमच्या समितीने सरकारकडे नेमके काय मागावे?"

माझी उमेदीची वर्षे रेल्वेच्या सर्वेक्षण आणि बांधकाम खात्यात गेली. त्या अनुभवावरून आधी निष्कर्ष सांगतो आणि मग त्याची कारणे देतो. आपल्या आठवणीतली अडीच फुटी (नॅरोगेज) रुळांवरची शकुंतला ही गाडी तिच्या जुन्या रूपात परत येणार नाही, आणि त्या मागणीत समितीने आपली शक्ती घालवू नये. त्याच जागेवरून ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा मार्ग होण्याची शक्यता मात्र आहे, फक्त ती सगळीकडे सारखी नाही. अचलपूर शाखेची बाजू चांगली मांडली तर ती उभी राहू शकते. मूर्तिजापूर–कारंजा–दारव्हा या टप्प्याची बाजू लंगडी आहे, पण अगदीच निकालात निघालेली नाही. दारव्हा–यवतमाळ या टप्प्याची वेगळी मागणी करण्यात अर्थ उरलेला नाही.

हा मार्ग बंद का पडला, हे नीट समजून घेतल्याशिवाय तो कसा उभा राहील हे कळणार नाही. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी ही किलिक निक्सन या मुंबईतल्या व्यापारी पेढीने 1910 मध्ये उभी केलेली कंपनी. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला मुख्य मार्गावर आणून मुंबई बंदरातून इंग्लंडच्या गिरण्यांना पाठवायचा, एवढ्या एका कामासाठी 762 मिलिमीटर मापाचे हे रूळ टाकले गेले. मूर्तिजापूर–अचलपूर 76 किलोमीटर, मूर्तिजापूर–यवतमाळ 113 किलोमीटर, आणि वर्धा जिल्ह्यात पुलगाव–आर्वी 35 किलोमीटर. स्वातंत्र्यानंतर देशातल्या बहुतेक रेल्वे कंपन्या सरकारजमा झाल्या, पण या मार्गांची मालकी कंपनीकडेच राहिली. गाडी चालवायची मध्य रेल्वेने आणि उत्पन्नातला वाटा द्यायचा कंपनीला, अशा करारावर हा कारभार दहा-दहा वर्षांच्या मुदतवाढीने चालत राहिला.

माझ्या मते मार्गाचा ऱ्हास त्या कराराच्या रचनेतच होता. ज्याची मालमत्ता होती त्याला गाडी चालवायची नव्हती, म्हणून तो रुळांवर खर्च करीत नव्हता. जो गाडी चालवत होता त्याची मालमत्ता नव्हती, म्हणून तोही मोठा खर्च करायला धजत नव्हता. स्लीपर कुजत गेले, खडी मातीत रुतत गेली, आणि रूळ खराब झाले की वेगमर्यादा खाली आणायची हाच एक उपाय उरला. 1921 मध्ये मँचेस्टरला बांधलेले झेडडी वर्गाचे वाफेचे इंजिन या मार्गावर एप्रिल 1994 पर्यंत काम करीत होते. डिझेल इंजिन आल्यावर इंजिन बदलले, पण रूळ तेच राहिले. मोजके कर्मचारी सगळी कामे करीत. गाडी फाटकाच्या अलीकडे थांबायची, एक जण उतरून फाटक लावायचा, शेवटचा डबा पलीकडे गेला की फाटक उघडून धावत येऊन गाडीत चढायचा. तिकिटे देणेही गाडीबरोबरच्या माणसाकडेच असे. या पद्धतीत 113 किलोमीटरला सहा-सात तास लागत आणि एसटी तेच अंतर त्याच्या निम्म्याहून कमी वेळात कापत असे. तरीही गाडीत गर्दी असायची, कारण तिचे भाडे एसटीच्या तुलनेत अगदीच थोडे होते. ज्यांना वेळेपेक्षा पैसा वाचवणे भाग होते, अशा मजुरांची, विद्यार्थ्यांची आणि भाजीपाला नेणाऱ्या बायांची ती गाडी होती. यवतमाळची गाडी 2016 च्या सुमारास थांबली, अचलपूरची त्यानंतर काही वर्षे कशीबशी चालून बंद झाली.

म्हणूनच समितीच्या निवेदनात पहिला मुद्दा मालकीचा असावा असे मी म्हणेन. जमीन, पूल, स्थानके, मालधक्क्याच्या जागा या सगळ्यांचा हक्क निर्विवादपणे केंद्र सरकारच्या नावावर आल्याशिवाय कोणताही रेल्वे अधिकारी या मार्गावर मोठ्या खर्चाची शिफारस करणार नाही. प्रत्येक तालुक्यातल्या भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणीचे नकाशे आणि तलाठ्याकडून सातबारा उतारे काढून घ्यावेत आणि ते एकत्र ठेवावेत. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याची बातमी होत नाही, पण मंत्रालयात पन्नास मोर्च्यांपेक्षा अशा एका फायलीचे वजन अधिक पडते.

आता जमिनीकडे. अनेकांचा समज असा असतो की जुना मार्ग तयारच आहे, फक्त रूळ रुंद करायचे. तसे ते नसते. नॅरोगेजचा भराव बुटका आणि चिंचोळा असतो. ब्रॉडगेजच्या एकेरी मार्गाला भरावाच्या माथ्यावरच 7.85 मीटर रुंदी लागते, आणि भराव तीन मीटर उंच असेल तर दोन्ही बाजूंचे उतार धरून पायथ्याशी सुमारे वीस मीटर जागा लागते. पाण्याच्या चरांची जागा त्याहून वेगळी. जुन्या मार्गाच्या जमिनीच्या पट्टीची रुंदी सर्वत्र एवढी नाही, त्यामुळे काही ठिकाणी भूसंपादन अटळ आहे. शिवाय नव्या मार्गावर आता रस्त्याच्या पातळीवरची फाटके ठेवली जात नाहीत. प्रत्येक पांदण, प्रत्येक जिल्हामार्ग पुलावरून किंवा भुयारी रस्त्याने पलीकडे न्यावा लागतो. भुयारी रस्त्यासाठी भराव उंच करावा लागतो, आणि उंच भराव म्हटला की पुन्हा जास्त जमीन.

त्यातून मूर्तिजापूर ते अंजनगाव हा पट्टा पूर्णेच्या खोऱ्यातला, म्हणजे खारपाणपट्ट्यातला, खाऱ्या भूजलाच्या भागातला. तिथली काळी माती मे महिन्यात अशी फाटते की भेगेत हाताचा पंजा सहज जावा, आणि जुलैत तीच माती फुगून वर येते. अशा मातीवर थेट भराव घातला की दोन पावसाळ्यांत रूळ लाटांसारखे वरखाली होतात. वरचा थर काढून बाहेरून चांगला मुरूम आणून, तो थराथराने दाबून, त्यावर खडीखालचा विशेष थर द्यावा लागतो. त्या पट्ट्यात चांगला मुरूम जवळपास मिळत नाही, तो लांबून आणावा लागतो, आणि अंदाजपत्रक फुगते ते इथेच. भुयारी रस्त्यांचेही तसेच. या मातीत पाणी मुरत नाही, त्यामुळे निचऱ्याची सोय आधी केली नाही तर पावसाळ्यात बंडी सोडाच, ट्रॅक्टरही अडकतो आणि शेतकरी रेल्वेच्या नावाने बोटे मोडतो. आखणीच्या वेळी गावोगावच्या लोकांनी हा मुद्दा लेखी नोंदवला पाहिजे, कारण काम झाल्यावर तो दुरुस्त होत नाही.

खर्चाचा अंदाज येण्यासाठी जवळचे उदाहरण घेऊ. 2016 मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना शकुंतलेच्या रुंदीकरणासाठी सुमारे 1,500 कोटी रुपयांची घोषणा झाली होती. दोन्ही शाखा मिळून 189 किलोमीटर धरले तर किलोमीटरला आठ कोटी. पुढे जळगाव जिल्ह्यात पाचोरा–जामनेर या तशाच नॅरोगेज मार्गाचे रुंदीकरण आणि बोदवडपर्यंत विस्तार, असे मिळून सुमारे 84 किलोमीटरचे काम मंजूर झाले, त्याचा खर्च साडेनऊशे कोटींच्या पुढे धरला गेला. म्हणजे किलोमीटरला अकरा कोटींहून अधिक. त्याच दराने एकटी अचलपूर शाखा नऊशे कोटींच्या घरात जाते.

रेल्वे एवढे पैसे कशाच्या बळावर घालेल? एखादा नवा मार्ग मंजूर करताना गुंतवणुकीवर किती टक्के परतावा मिळेल हे पाहिले जाते, आणि दीर्घकाळ त्यासाठी 14 टक्क्यांची कसोटी होती. आपण सवलत म्हणून 10 टक्केच धरू. नऊशे कोटींवर दरसाल 90 कोटी. भरलेल्या एका मालगाडीत साधारण 2,600 टन माल मावतो. टन-किलोमीटरला दोन रुपये असे सढळ उत्पन्न धरले तरी 76 किलोमीटरच्या वाटचालीचे एका गाडीमागे चार लाख रुपयेही होत नाहीत. चालवण्याचा खर्च वजा न करताच हिशोब केला तरी 90 कोटींसाठी रोज सहा भरलेल्या मालगाड्या लागतील. अचलपूर, अंजनगाव आणि दर्यापूर या तिन्ही बाजारपेठांचा सगळा माल रेल्वेने गेला तरी हा आकडा गाठला जाणार नाही. प्रवासी वाहतुकीतून तूट भरून निघेल हा तर विचारच सोडावा. प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी केवळ 57 टक्के रक्कम भाड्यातून वसूल होते, असे रेल्वे आपल्या तिकिटांवरच छापत असे.

इथे अनेक जण अमेरिकेचे उदाहरण देतात. तिथे मोठ्या कंपन्यांनी सोडलेल्या ग्रामीण शाखा छोट्या स्थानिक कंपन्यांनी घेतल्या आणि त्या फायद्यात चालवल्या. 1980 च्या कायद्याने नियंत्रणे सैल झाल्यावर अशा कंपन्या झपाट्याने वाढल्या, हे खरे आहे. पण त्यांच्या धंद्याचा पाया वेगळा आहे. तिथला धान्य साठवणारा व्यापारी तीन-चार वाघिणी भरून देतो, छोटी कंपनी त्या गोळा करून मोठ्या मार्गावर नेऊन सोडते, आणि पुढची कंपनी त्या हजार मैल नेते. आपल्याकडे सुट्या वाघिणींची ही वाहतूक 1980 च्या दशकातच जवळजवळ संपली. आता पूर्ण रेक, म्हणजे अख्खी मालगाडी भरायची, फार तर वीसेक वाघिणींची मिनी रेक. कापसाची एक गाठ 170 किलोची. वजनाच्या हिशोबाने पूर्ण रेकला पंधरा हजारांहून अधिक गाठी लागतील, आणि वजन पूर्ण होण्याआधीच जागा संपेल हा भाग वेगळा. दर्यापूरचा एखादा जिनिंगवाला एवढ्या गाठी एका दिवशी एका ठिकाणी कशा आणणार? तो दोन ट्रक भरतो आणि संध्याकाळी मोकळा होतो. कारंज्याजवळून समृद्धी महामार्ग गेल्यापासून त्या बाजूचा व्यापारी तर अधिकच ट्रकवर विसंबतो. त्यामुळे खासगी कंपनीला मार्ग चालवायला द्या, ही सूचना कितीही आकर्षक वाटली तरी आजच्या मालवाहतुकीच्या नियमांत ती टिकणार नाही. अमेरिकेकडून घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे, तिच्याकडे पुढे येतो.

मग अचलपूर शाखेची बाजू चांगली आहे असे मी का म्हणतो? कारण तिला शाखा म्हणून पाहणे सोडले तर हिशोब बदलतो. नकाशा समोर घ्या. पश्चिमेला अकोला–अकोट मार्ग ब्रॉडगेज होऊन 2022 मध्ये सुरू झाला आहे. अकोट ते अंजनगाव अंतर तीसेक किलोमीटर. पूर्वेला अमरावती–नरखेड हा 138 किलोमीटरचा नवा मार्ग चांदूरबाजार, मोर्शी, वरूड करीत दिल्ली–नागपूर मार्गाला मिळतो. अचलपूर ते चांदूरबाजार पंचवीस-तीस किलोमीटर. म्हणजे अकोट–अंजनगाव–अचलपूर–चांदूरबाजार असा आडवा दुवा जोडला तर सातपुड्याच्या पायथ्याची सगळी संत्रापट्टी, अंजनगावची केळी आणि पानमळे, आणि लाखाहून अधिक वस्तीचे अचलपूर–परतवाडा एका सलग मार्गावर येतात. भुसावळ–बडनेरा या अत्यंत गजबजलेल्या मार्गाला समांतर वाट मिळते. शेवटच्या स्थानकावर संपणाऱ्या मार्गावरून फक्त त्या गावाचा माल जातो, तर दोन्ही टोके उघडी असलेल्या मार्गावरून परप्रांताचा मालही जातो आणि परताव्याचा हिशोब तिथे जुळू लागतो. मूर्तिजापूर–अंजनगाव हा जुना मार्ग मग या दुव्याला दक्षिणेकडून येऊन मिळणारा तिसरा पाय ठरेल. समितीने केवळ "शकुंतला सुरू करा" असे न म्हणता या संपूर्ण जोडणीचे अंतिम स्थान सर्वेक्षण, म्हणजे मार्गाची नेमकी आखणी ठरवणारे सर्वेक्षण मागावे, असा माझा आग्रह आहे.

फळांच्या वाहतुकीबाबत मला विशेष आशा आहे. रावेर–सावद्याचे केळी उत्पादक वर्षानुवर्षे एकत्र येऊन रेल्वेने दिल्लीला माल पाठवतात. ऑगस्ट 2020 मध्ये देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे गेली, आणि वऱ्हाड-नागपूरकडची संत्रीही त्या योजनेत रेल्वेने गेली. संत्र्याच्या आंबिया आणि मृग या दोन्ही बहरांत परतवाडा-अचलपूर भागातून किती ट्रक कोणत्या बाजारांना जातात, याची नोंद शेतकरी कंपन्यांनी आणि बाजार समित्यांनी दोन हंगाम नीट ठेवली तर सर्वेक्षण करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात ठोस काही पडेल. सर्वेक्षणाला आलेला माणूस बाजार समितीत जातो, गोदामांत विचारतो, खताच्या घाऊक विक्रेत्याकडे जातो. तिथे त्याला "भरपूर माल आहे" एवढेच ऐकायला मिळाले तर तो अहवालात काही लिहू शकत नाही. युरियाची किती पोती कोणत्या मालधक्क्यावरून येतात, स्वस्त धान्य कुठे उतरते, सरकीची ढेप कुठे जाते, हे महिनावार सांगितले तर तो लिहितो.

परताव्याच्या हिशोबात न बसणाऱ्या एका लाभाचाही उल्लेख करायला हवा. एप्रिल 2016 मध्ये लातूर तहानेने व्याकूळ झाले तेव्हा मिरजेहून जलदूत नावाची पाण्याची रेल्वे 342 किलोमीटर धावत गेली. पहिल्या फेरीत दहा टँकर वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी, आणि पुढे पन्नास वाघिणींतून पंचवीस लाख लिटर. ती गाडी मिरज–पंढरपूर–कुर्डुवाडी–लातूर या ज्या वाटेने गेली, तो मूळचा बार्शी लाइट रेल्वेचा, 1897 मध्ये बार्शी–कुर्डुवाडी टप्प्याने सुरू झालेला, शकुंतलेच्याच मापाचा नॅरोगेज मार्ग. त्याचे रुंदीकरण 2008 ते 2011 च्या दरम्यान पूर्णत्वाला गेले नसते तर ते पाणी लातूरला पोहोचलेच नसते. रुंदीकरणाच्या परताव्याच्या तक्त्यात हा रकाना कुणी घातलेला नसणार. त्याच मार्गाचा दुसरा धडा आखणीचा आहे. जुना नॅरोगेज मार्ग धाराशिव शहराला बगल देऊन जात होता, रुंदीकरणात आखणी वळवून शहर जोडले गेले. जुनी आखणी पवित्र मानू नये. परतवाड्याच्या बाजूने, दर्यापूर शहराच्या आजच्या वस्तीच्या सोयीने मार्ग वळवावा लागला तर त्याला विरोध करू नये.

यवतमाळ शाखेची स्थिती वेगळी आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा 284 किलोमीटरचा नवा ब्रॉडगेज मार्ग बांधला जात आहे, त्यातल्या वर्धा–कळंब टप्प्याचे उद्घाटन फेब्रुवारी 2024 मध्ये झाले. हा मार्ग यवतमाळहून दारव्हा, दिग्रस, पुसद असा पुढे जातो. म्हणजे दारव्हा–यवतमाळ जोडणी त्यातच मिळणार, तिथे दुसरे रूळ कुणी टाकणार नाही. उरतो मूर्तिजापूर–कारंजा–दारव्हा हा टप्पा. नांदेडकडून येणाऱ्या गाड्यांना दारव्ह्याहून थेट मूर्तिजापूरला, म्हणजे मुंबई–हावडा मार्गाला नेणारा दुवा, अशीच त्याची मांडणी करावी लागेल. श्री नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून कारंज्याला दत्तभक्तांची बारमाही ये-जा आहे आणि सोयाबीन-तुरीची तिथली बाजारपेठ मोठी आहे. तरीही मी कारंज्याच्या मंडळींना सांगेन की नांदेडचा मार्ग दारव्ह्याच्या पुढे पोहोचेपर्यंत तुमच्या मागणीला जोर येणार नाही. तोवर कागद तयार ठेवा.

नॅरोगेजच ठेवून वारसा म्हणून किंवा पर्यटनासाठी गाडी चालवावी, अशी सूचना नेहमी येते. ती मी हलक्याने टाळत नाही. गुजरातमध्ये बिलिमोरा–वघई हा 63 किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग बंदीच्या यादीत गेला असताना सप्टेंबर 2021 मध्ये पुन्हा सुरू झाला आणि त्याला वातानुकूलित पर्यटक डबा जोडला गेला. पण तो मार्ग डांगच्या जंगलात जातो आणि वघईहून पुढे सापुतारा आहे. माथेरानची गाडी टिकली, कारण माथेरानमध्ये मोटारींना मज्जाव आहे. खारपाणपट्ट्यातल्या सपाट रानातून चार तास जाण्यासाठी पर्यटक वर्षभर येतील असे मला वाटत नाही. अचलपूर स्थानकाचा परिसर, एखादे इंजिन, दोन डबे आणि थोडेसे रूळ जपून संग्रहालय करावे. ते स्वस्तात आणि लगेच होऊ शकते, आणि रुंदीकरणाच्या आड येत नाही.

आता अमेरिकेकडून घेण्यासारख्या गोष्टीविषयी. तिथे 1983 पासून कायद्यात अशी सोय आहे की बंद मार्गाची पट्टी विकून टाकण्याऐवजी पायवाट किंवा सायकलवाट म्हणून वापरायची आणि भविष्यात गरज पडली तर तिच्यावर पुन्हा रूळ टाकण्याचा हक्क राखून ठेवायचा. आपल्या प्रकरणात आज सर्वांत मोठा धोका रूळ चोरीला जाण्याचा नाही, ते तसेही बदलायचेच आहेत. धोका पट्टी तुकड्यातुकड्यांनी नाहीशी होण्याचा आहे. शेतकऱ्याचा बांध सरकतो, गावाजवळ टपऱ्या उभ्या राहतात, मग पक्की घरे होतात, आणि एखादी नगरपालिका तिच्यावर डांबरी रस्ता करून टाकते. सलग पट्टी एकदा तुटली की शहरांच्या आतला टप्पा परत मिळवायला होणारा खर्च बाकी सगळ्या खर्चाला मागे टाकतो. म्हणून हद्दीचे दगड पुन्हा लावून घेणे, पट्टीच्या दोन्ही कडांना झाडे लावणे, आणि जिथे लोकांची तशीही ये-जा आहे तिथे रेल्वेच्या हक्काला बाधा न येणारी तात्पुरती पायवाट मान्य करून घेणे, ही कामे आजच करण्यासारखी आहेत.

वेळेबाबत मनाची तयारी ठेवा. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर)–बीड–परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 मध्ये मंजूर झाला, त्याचा निम्मा खर्च राज्य सरकार उचलते, आणि तरीही आष्टीपर्यंत गाडी पोहोचायला 2022 उजाडले. राज्याने निम्मा वाटा उचलण्याचे लेखी आश्वासन दिले तर अचलपूरच्या प्रस्तावाला दिल्लीत वेगळी वागणूक मिळेल. आमदारांकडून घोषणेऐवजी राज्याच्या अर्थसंकल्पात तरतुदीचा शीर्ष, म्हणजे या खर्चाची स्वतंत्र नोंद, उघडून घ्या. रक्कम सुरुवातीला लहान असली तरी चालेल, कारण शीर्ष उघडला की दरवर्षी त्यावर प्रश्न विचारता येतो आणि त्याचे उत्तर सरकारला द्यावे लागते.